सील तोडू नये

साहेबांच्या घरात एखादी वस्तू उघडी दिसली, तर समजावं की ती नुकतीच दुकानातून आली आहे, नाहीतर साहेब आंघोळीला गेले आहेत. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीला रबर. सोफ्याला खोळ, खोळ मळू नये म्हणून तिच्यावर चादर, आणि चादर मळू नये म्हणून आलेल्यानं शक्यतो खुर्चीत बसायचं. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर चिकटून आलेला पातळ कागद नऊ वर्षं तसाच होता. त्यामुळे किती वाजले ते बघायला घड्याळाच्या अगदी नाकाशी जाऊन उभं राहावं लागे.

साहेब म्हणजे कुणी बडी असामी नव्हे. एका मोठ्या कारखान्याच्या भांडारात ते चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. माल आला की खोक्यावर चिकटपट्टी मारायची, तारीख टाकायची आणि सही अशी ठोकायची की अर्धी पट्टीवर, अर्धी खोक्यावर. सील तुटलं की सही तुटली, आणि सही तुटली की तोडणाऱ्याची खैर नाही. आत काय आहे, ते कसं आहे, याच्याशी साहेबांना फारसं देणंघेणं नसे. एकदा एक खोकं सहा वर्षांनी उघडलं, तर आतला माल गंजून त्याची भुकटी झालेली. पण सील शाबूत होतं, म्हणून साहेबांवर ठपका आला नाही. ही हकिकत ते अजूनही छाती फुगवून सांगतात, आणि ऐकणाऱ्यानं मध्येच जांभई दिली तर पहिल्यापासून सांगतात.

निवृत्तीनंतर भांडार सुटलं, पण रजिस्टर काही सुटलं नाही. साहेबांनी घरासाठी जाड पुठ्ठ्याचं एक रजिस्टर सुरू केलं. पुढच्या बाजूनं देखभाल, आणि उलटं धरून मागच्या बाजूनं तक्रारी. तक्रारींना पाच रकाने: दिनांक, वस्तू, तक्रार, कोणाच्या हातून, सही. चौथा रकाना साहेबांचा जीव की प्राण. कपाचा कान तुटला. कोणाच्या हातून? सौ. नळ ठिबकतो. सौ. खिडकीची काच वाऱ्यानं फुटली त्या दिवशी बायको मुलीकडे गेलेली होती, तरी साहेबांनी बराच विचार करून लिहिलं, 'सौ., आदल्या आठवड्यात कडी नीट न लावल्यामुळे'. घरात माणसं दोन, त्यातलं एक रजिस्टर लिहिणारं, तेव्हा दुसरं सापडणार कोण? खाडाखोडीला मात्र सक्त मनाई होती. चूक दुरुस्त करायचीच झाली, तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. असा प्रसंग त्या रजिस्टरात अजून आला नव्हता.

बायको हे रजिस्टर कधी वाचत नसे. तिला दुसरं वाचायचं होतं.

लग्न झालं तेव्हा तिचं पदवीचं शेवटचं वर्ष चालू होतं. विषय भूगोल. दोन पेपर राहिले होते. "पुढे बघू," असं साहेब तेव्हा म्हणाले होते, आणि ते शब्दाचे पक्के असल्यामुळे एक्केचाळीस वर्षं पुढेच बघत राहिले. मुलगी झाली, शिकली, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. तिथून तिनं आईसाठी कॉम्प्युटर पाठवला आणि फोन केला, "आई, आता घरबसल्या परीक्षा देता येते. नाव घाल." आईनं नाव घातलं. जुनं काही धरणार नव्हते, सगळं नव्यानं, दोन वर्षांचं. नद्या, वारे, खडक, समुद्राचे प्रवाह. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून ती वाऱ्यांच्या दिशा पुटपुटायची, आणि साहेबांना वाटायचं की ती आपल्याविषयीच काहीतरी बोलते आहे. दोन वर्षं अशी गेली आणि शेवटी तीन तासांचा एकच पेपर राहिला.

विद्यापीठ भलतंच संशयी होतं. पेपर घरी द्यायचा, पण पडद्यावरच्या कॅमेऱ्याची नजर पूर्णवेळ. खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये. दुसरा आवाज येता कामा नये. ज्या मशीनवरून नाव नोंदवलं तेच मशीन पाहिजे, आणि ते दहा मिनिटांहून जास्त बंद पडलं तर पेपर बाद. बंद करून, पुन्हा लावून, पुन्हा ओळख पटवून आत शिरायलाच पंधरा मिनिटं जात. संधी तीन. तिन्ही गेल्या की दोन वर्षांचा अभ्यास परत पहिल्या पानापासून. बायको त्रेसष्ट वर्षांची होती आणि पहिलं पान तिला परत नको होतं.

दोन संधी गेल्या होत्या.

पहिल्या वेळी चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावरचा बाण अडखळायला लागला. माउस हलवला की जरा वेळानं, मनात आलं तर हलायचा. मग अक्षरं उशिरा उमटू लागली, आणि पाच-सात मिनिटांत पडदा जो गोठला तो गोठलाच. दुसऱ्या वेळी छत्तिसाव्या मिनिटाला तेच. अभ्यास करतानाही नऊ वेळा असंच झालं, म्हणून तिनं अभ्यास वह्यांवरच उरकला होता. तिसरी आणि शेवटची संधी शनिवारी सकाळी अकराला होती.

साहेबांनी चौकशी बसवली. रजिस्टर मांडीवर घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि बायकोला समोर बसवलं.

"आता सांग. बंद पडला तेव्हा तू काय करत होतीस?"

"पेपर लिहीत होते."

"ते झालं. बोटं कुठं होती?"

"बटणांवर. अजून कुठं असणार?"

"किती जोरात दाबतेस?"

"अहो, दाबल्याशिवाय अक्षर येतं का?"

"उत्तर सरळ दे. जोरात की हळू?"

ती उठून ओट्याकडे गेली. साहेबांनी 'जोरात' असं लिहून घेतलं.

त्यांच्या हातातला पुरावा बिनतोड होता. ते स्वतः रोज सकाळी कॉम्प्युटर लावत, हवामान बघत, कुणाचं पत्र आलंय का ते बघत, कुणाचंच आलेलं नसे, आणि सातव्या मिनिटाला तो रीतसर बंद करून वर कापड घालत. त्यांच्या हातून तो एकदाही बंद पडला नव्हता. तिच्या हातून अकरा वेळा. सात मिनिटांत कशालाच घाम फुटत नाही, हे साहेबांच्या डोक्यात येणं कठीण होतं. त्यांनी नियमांचा कागद करून टेबलावरच्या भिंतीला डकवला. हात कोरडे असावेत. एका वेळी एकच काम करावं. टेबलावर पाणी नको. बटणं हळू दाबावीत. आणि पाचवा नियम लाल पेनानं: पेटीला हात लावू नये.

पेटी म्हणजे कॉम्प्युटरची टेबलाखाली उभी असलेली मुख्य पेटी, आणि तो साहेबांचा राखीव मुलूख होता. पहिलं दीड वर्ष ती उघडीच होती आणि कॉम्प्युटर दिवसदिवस चालायचा. मग पाच महिन्यांपूर्वी एकदा साहेब हातात बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरले आणि हादरलेच. पेटीला भोकं! मागे जाळी, दोन्ही बाजूंना जाळी, आणि जाळीवर बारीक धूळ. ज्यानं चौतीस वर्षं भांडारात एक कण शिरू दिला नाही, त्याच्याच घरात ही तऱ्हा. त्याच दिवशी त्यांनी चार रुंद चिकटपट्ट्या कापल्या, झाडून सगळी भोकं बुजवली, आणि प्रत्येक पट्टीवर तारखेनिशी सही ठोकली, अर्धी पट्टीवर, अर्धी पेटीवर. वरून मोजून मापून केलेला प्लायवूडचा खोका, त्याला दार, दाराला कडी. याची नोंद रजिस्टरात पुढच्या बाजूनं होती, देखभालीत. तक्रारी मागच्या बाजूनं. दोन्ही बाजू एकदम वाचायची वेळ कुणावर आली नव्हती.

सोमवारी मुलीचा फोन आला. "बाबा, मागची जाळी बघितलीत का? धूळ साचली की गरम होतो तो."

"धूळ?" साहेब हसले. "अगं, धूळ आत जायला मी जागाच ठेवलेली नाही."

"म्हणजे एकदम स्वच्छ आहे ना?"

"सहीनिशी."

"बरं. मग दुसरंच काहीतरी असेल."

बिचारीनं बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला. तिचंही चुकलं म्हणता येत नाही. लहानपणी तिची बाहुली दुकानातल्या खोक्यासकट कपाटावर राहिली होती, तेव्हा बाप वस्तू स्वच्छ ठेवतो, याबद्दल तिला शंका असायचं कारण नव्हतं.

बुधवारी शेजारचे इंजिनिअर आले. हे गृहस्थ जन्मभर रस्त्यावरचे दिवे बदलायला शिडीवर चढत होते, म्हणून आख्खी गल्ली त्यांना इंजिनिअर म्हणे, आणि आता तेही स्वतःला तेच म्हणत. त्यांनी चहा मागवला, पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि निदान केलं, "बंद करून चालू करा."

केला. चालू झाला.

"झालं की! एवढ्यासाठी सगळ्या घराला वेठीला धरलंत?"

"अर्ध्या तासानं परत बंद पडतो," बायको म्हणाली.

"मग अर्ध्या तासानं परत बंद करून चालू करा. वहिनी, मशीनलाही विसावा लागतो. तुम्हीही घ्या जरा." मग साहेबांकडे वळून, आवाज हळू केल्याचं दाखवून ते म्हणाले, "या वयात वहिनींना पेपर कशाला हवेत हो?"

साहेब नुसतं 'हं' म्हणाले. त्या हुंकारात हो किती आणि नाही किती, ते बायकोनं नीट ऐकलं. तिनं इंजिनिअरांच्या पुढचा अर्धा भरलेला कप उचलला आणि आत नेऊन मोरीत ओतला. त्या दुपारी तिनं साहेबांना न विचारता कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन लावला.

बाई शुक्रवारी आल्या, पण सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी, आणि बायको तेव्हा वाचनालयात पुस्तकं परत करायला गेली होती. बाई पन्नाशीच्या, अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. त्यांनी कॉम्प्युटर लावला, त्याला चार कामं दिली आणि खोक्यावर तळहात ठेवून अर्धा तास गप्प बसल्या. साहेबांना हा प्रकार नाडीपरीक्षेचा वाटला.

"हा खोका कुणी केला?"

"मी."

"छान झालाय. आता दार उघडा."

साहेबांनी कडी काढली. बाईंनी वाकून बॅटरी मारली. मागची पट्टी बघितली, बाजूच्या बघितल्या, एकेका सहीवर उजेड पाडून तारीखही वाचली. मग जमिनीवरच मांडी घालून बसल्या.

"साहेब, तुम्ही याचं नाक-तोंड बांधलंत."

"धुळीसाठी आहे ते."

"धूळ जात नाही, कबूल. पण हवाही जात नाही. आतल्या पंख्यानं ओढायचं काय? तापला की हा आधी हळू होतो, मग थांबतो. जळून जाण्यापेक्षा थांबतो, शहाणा आहे. एवढ्या पट्ट्या काढा. बाकी काही करायला नको." आणि त्यांनी पट्टीच्या कडेला नख घातलं.

"सील तोडायचं नाही!"

साहेब एवढ्या जोरात ओरडले की स्वतःच दचकले. बाईंनी हात मागे घेतला.

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले, "एकदा उघडलं की तुम्ही लोक आतले दोन पार्ट खराब दाखवणार."

"मी पार्ट कुठं मागितला? नखानं निघेल, तेही तुम्हीच काढा." बाई उठल्या. "त्यांचा उद्या पेपर आहे ना? फोनवर बोलताना आवाज कापत होता त्यांचा. आज काढून टाका हं."

बाई गेल्या आणि साहेब टेबलाखाली एकटेच राहिले. त्यांनी पेटीला हात लावला, तर चटका बसला. बाई म्हणत होत्या ते त्यांना कळलं, पहिल्याच वाक्याला कळलं होतं. साहेब काही मूर्ख नव्हते, ते फक्त चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. पट्टी काढायला कितीसा वेळ लागणार? पण पट्टी काढली, की त्याच बोटांनी रजिस्टर उलटं धरून कॉम्प्युटरच्या अकरा तक्रारींचा चौथा रकानाही बदलावा लागणार. त्यांनी नख लावलं, पट्टीचं टोक थोडं उचललं, आपलीच सही बघितली, आणि टोक परत चिकटवून वरून अंगठा दाबला. खोक्याची कडी लावून ते बाहेर आले.

बायको धापा टाकत जिना चढून आली. "खाली कळलं, बाई येऊन गेल्या. काय म्हणाल्या?"

"त्यांना काही समजलं नाही."

एवढं बोलून ते थांबले. पण नुसतं खोटं त्यांना उघडं वाटलं, म्हणून त्यांनी त्याच्यावर एक खोळ चढवली. "बटणं हळू दाबा म्हणाल्या."

बायकोनं आपल्या दोन्ही हातांच्या बोटांकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "हळू दाबते."

शनिवारी अकराला ती कॅमेऱ्यासमोर बसली. साहेब शेजारच्या स्वयंपाकघरात, दार किलकिलं ठेवून. रजिस्टर समोर उघडं होतं आणि कॉम्प्युटरच्या अकरा तक्रारींखाली बाराव्या ओळीत आजची तारीख आधीच घातलेली होती. साहेबांना तयारीत राहायची सवय होती.

त्यांना बटणांचा आवाज येत होता. टक. मग थोडं थांबून, टक. एरवी ती भरभर टाइप करायची. मुलीनं शिकवलं होतं आणि तिची बोटं त्यात तरबेज झाली होती. आज मात्र ती एकेक अक्षर असं दाबत होती, की जणू खाली कुणी झोपलंय. पंधरा मिनिटं गेली, पंचवीस गेली. साहेबांनी फटीतून पाहिलं. ती वारंवार पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे बघत होती, आणि तरीही बोट उचलून हळूच टेकवत होती. त्यांनी तिला सांगितलं होतं म्हणून.

चौतिसाव्या मिनिटाला तिचा हात माउसवर थांबला. तिनं माउस हलवला. परत हलवला. ओठ हलले. आवाज जेमतेम फटीपर्यंत आला.

"चल ना रे. आज तरी चल."

 ही अशी विनवते, हे साहेबांना माहीतच नव्हतं. एक्केचाळीस वर्षांत तिनं त्यांच्यापाशी कशासाठी असे हात जोडले नव्हते, आणि जोडले असते तर आपण काय म्हणालो असतो, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. पाच-सात मिनिटं होती हातात.

उभं राहून जाणं शक्य नव्हतं, कॅमेऱ्यानं पकडलं असतं. अडुसष्ट वर्षांचे साहेब स्वयंपाकघराच्या दारात पालथे झाले आणि पोटावर सरपटत टेबलाखाली शिरले. पांढऱ्या शर्टानं वाटेतली सगळी फरशी पुसून काढली. त्यांच्या घरात, त्यांच्याच टेबलाखाली, चांगली बोटभर धूळ होती.

कडी काढली. मागे हात घातला. चिकटवण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण काढण्याचा सराव मुळीच नाही. पहिली पट्टी त्यांनी धरली आणि ओढली. चर्रर्र!

 साहेबांना पडदा दिसत नव्हता, पण तिचे पाय दिसत होते, आणि ते जागच्या जागी ताठ झाले. पडद्यावर लाल अक्षरं आली होती: खोलीत अनोळखी आवाज, पुन्हा आल्यास पेपर रद्द. तिचा उजवा पाय चप्पल सोडून खाली काहीतरी चाचपू लागला. त्याला साहेबांचा कान सापडला. पाय क्षणभर कानावरच थांबला.

मग वरून एक सणसणीत ढास लागली. स्वतःच्या खोकल्याला विद्यापीठाची मनाई नव्हती.

साहेबांना तिचं म्हणणं कळलं, आणि लेखी न देताही कळलं. तिनं दुसऱ्यांदा खोकताच त्यांनी दुसरी पट्टी ओढली. तिसऱ्या खोकल्याला तिसरी. चौथी पट्टी हट्टी निघाली, तिच्यासाठी बायको इतकी खोकली की तिचा खरोखरच श्वास अडकला. पेटीतून घरघर सुरू झाली आणि कोंडलेला गरम वारा भसकन साहेबांच्या तोंडावर आला. तो वारा बराच वेळ तसाच येत राहिला. वर माउस सरकल्याचा आवाज झाला. मग एक बटण. मग दोन. आणि मग ती जी सुटली, नियम क्रमांक चार साफ धाब्यावर बसवून, तिच्या बोटांखाली टेबल थरथरायला लागलं.

साहेबांनी मागे सरकायचा प्रयत्न केला. तिचा पाय त्यांच्या मनगटावर येऊन बसला. हलायचं नाही, असा त्याचा स्पष्ट अर्थ होता.

त्यानंतरचे सव्वादोन तास साहेब तिथंच होते. पाठीला रग लागली, एक पाय झोपला, दुसऱ्यात गोळे आले. शिंक आली. रुमाल खिशात होता, पण तो प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी चुरचुरली असती. त्यांनी नाक दंडात खुपसून शिंक जिरवली. समोर, हातभर अंतरावर, पेटी सगळी भोकं उघडी टाकून आरामात चालली होती. हवा येत होती, जात होती, थोडी धूळही येत-जात असणार. काहीही बिघडत नव्हतं. चारही पट्ट्या त्यांच्या हाताला चिकटून बसल्या होत्या आणि प्रत्येकीवर अर्धी सही होती.

"झालं," असं वरून आलं. कॅमेरा बंद झाल्याचा टुणकन आवाज झाला. खुर्ची मागे गेली आणि बायकोचा चेहरा टेबलाखाली डोकावला. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पूर्ण झाला हो! सगळे प्रश्न! शेवटचा दोन मिनिटं राहिली असताना. या बाहेर, या."

तेवढ्यावर सुटका होती. साहेबांच्या जिभेवर एक वाक्य तयारही होतं, 'बघ, शेवटी दोष मीच शोधून काढला'. शेजारच्या इंजिनिअरांना ते त्यांनी दहा वर्षं ऐकवलं असतं. पण सव्वादोन तास गरम वारा खाऊन माणूस जरा मऊ पडतो. भलतंच बाहेर आलं.

"काल त्या बाईंनी सांगितलं होतं. पट्ट्या काढा म्हणून. मी तुला सांगितलं नाही."

चेहरा तसाच राहिला, पण हसू गेलं. "काल?"

"हं."

"आणि बटणं हळू दाबायचं?"

"ते त्या नाही म्हणाल्या. ते माझं."

चेहरा वर गेला. साहेबांना परत नुसते पाय दिसू लागले.

"अर्धा तास मी एकेक अक्षर मोजत बसले," वरून आवाज आला. त्यात रडू नव्हतं. "तुम्ही म्हणालात म्हणून. माझी दोन वर्षं हातची जात होती, आणि तुम्ही तिकडे दाराआड बसला होतात." ती थांबली. "तिथंच थांबा."

खुर्ची टेबलाला घट्ट लावल्याचा आवाज झाला. साहेबांची बाहेर यायची वाट बंद झाली. पाय स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. पानं उलटल्याचं ऐकू येत होतं. आधी मागच्या बाजूची. मग रजिस्टर उलटं केल्याचा पुठ्ठ्याचा आवाज. मग पुढच्या बाजूची. एका पानावर ती थांबली. चार पट्ट्या ज्या तारखेला लागल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरची पहिली तक्रार होती.

रजिस्टर आणि पेन टेबलाखाली आले.

"अकरा आहेत. आडवी रेघ मारा, शेजारी सही करा. खाडाखोड नको."

"बाहेर येऊन करतो ना. पाय झोपलाय माझा."

"आधी सही."

साहेबांनी कुशीवर वळून पेनाचं टोपण काढलं. 'सौ.'वर रेघ, शेजारी 'स्वतः', शेजारी सही. पेटीच्या वाऱ्यानं पान उडत होतं, ते कोपरानं दाबून धरावं लागत होतं. अकरा वेळा लिहिता लिहिता सही इतकी वाकडी आली, की भांडारात त्यांनी ती दुसऱ्या कुणाची म्हणून नाकारली असती.

"झाल्या."

"बारावी ओळ आहे. आजची तारीख आधीच घालून ठेवलीत. ती खोडा, कालची घाला. तिथंही सही."

साहेबांनी घातली. मग त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी तिला आयुष्यात पहिल्यांदाच विचारला, "तक्रार काय लिहू?"

"लिहा. माहीत होतं, सांगितलं नाही."

त्यांनी लिहिलं. पेन चौथ्या रकान्याशी आलं आणि तिथं थबकलं. वर खुर्ची जागची हलली नाही. पायही हलले नाहीत. साहेबांनी लिहिलं आणि सही केली.

"वाचून दाखवा."

"अगं, लिहिलंय ना."

"मला इथून दिसत नाही. मोठ्यानं वाचा."

टेबलाखालून, धुळीत, साहेबांनी दिनांकापासून सहीपर्यंत सगळी ओळ मोठ्यानं वाचली. मग खुर्ची मागे सरकली, तीही सावकाश.